प्रयागला बाबांनी घातलेली वेणी

आईने वेणीदानाचा विषय पहिल्यांदा काढला तो २०१९ साली. टीव्हीवर प्रयागच्या अर्धकुंभाची दृश्यं चालू होती आणि ती मेथी निवडत होती. "आपलं वेणीदान राहिलंच," एवढंच म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी चॅनल बदललं.

ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगते. काशीयात्रेला निघालेलं मराठी जोडपं प्रयागला थांबलं की संगमावर नवरा बायकोची वेणी घालतो, तिचं टोक दोन-तीन बोटं कापतो आणि ते केस त्रिवेणीत सोडतात. दक्षिणेकडच्या लोकांतही ही चाल आहे. पुरुषांचं मुंडन, बायकांची वेणी. 'प्रयाग मुंडे, काशी ढुंढे, गया पिंडे' असं आमची आजी म्हणायची. आजीचं वेणीदान झालं होतं, काकूचंही झालं होतं. आईच्या वेळी बाबांना रजा मिळाली नाही. मग आम्ही झालो, मग आमच्या शाळा, मग तिचे गुडघे.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला आता अठरा वर्षं होतील. देवाधर्माशी त्यांचं भांडण नाही आणि सलगीही नाही. देवळात गेले तर आधी गाभाऱ्यातलं वायरिंग बघतात. त्यामुळे २०२५च्या जानेवारीत त्यांनीच "चला, जाऊन येऊ प्रयागला" म्हटलं तेव्हा आई, दादा आणि मी, तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे मेथीच्या वेळी ऐकलं होतं तर.

मेळा १३ जानेवारीला, पौष पौर्णिमेला सुरू झाला होता आणि २६ फेब्रुवारीच्या महाशिवरात्रीला संपणार होता. तसा कुंभ दर बारा वर्षांनी येतो, गुरू वृषभेत आणि सूर्य मकरेत आला की प्रयागला. पण या खेपेला सगळ्यांच्या तोंडी १४४ हा आकडा होता. बारा गुणिले बारा, पुन्हा हा योग आपल्या हयातीत नाही. माझं स्वतःचं मत असं की गर्दी जमवायचं निम्मं काम या एका आकड्याने केलं. एरवी 'पुढच्या वेळी बघू' म्हणणारे लोकही त्याने उठून निघाले. त्यात आम्ही आलोच.

आमचा बेत मौनी अमावस्येनंतरचा होता. पण त्याच दिवशी, २९ जानेवारीच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. प्रशासनाने ३० मृत्यू सांगितले. दादा म्हणाला, रद्द. आई काहीच बोलली नाही. तीन दिवस ती इतकी गप्प होती की शेवटी दादानेच कॅलेंडर काढलं. ३ फेब्रुवारीला वसंत पंचमीचं अमृत स्नान झालं की आखाडे परतायला लागतील, गर्दी ओसरेल आणि १२ तारखेच्या माघी पौर्णिमेच्या आत आपण जाऊन येऊ, असा हिशेब त्याने मांडला. हिशेब चोख होता. फक्त नागपूरपासून पार हैदराबाद-बंगळूरपर्यंतच्या प्रत्येक घरात कोणीतरी नेमका हाच हिशेब करत होतं, हे आम्हाला कटनीच्या अलीकडे कळलं.

८ फेब्रुवारीला, शनिवारी पहाटे चारला नागपूर सोडलं. चौघं जण, एक गाडी, आईने केलेल्या पंचवीस दशम्या, चिवड्याचा डबा आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन. पेंचचं जंगल अंधारातच मागे पडलं, सिवनीला चहा घेतला. जबलपूरच्या अलीकडे तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा दिसली तेव्हा आईने खिडकीतून एक रुपयाचं नाणं टाकलं. ते कठड्याला लागून रस्त्यावर पडलं आणि "पोचलं तिला" असं आईने जाहीर केलं. इथवर सगळं सहलीसारखं चाललं होतं.

सिहोऱ्याच्या पुढे गाड्या थांबल्या.

पहिला तास आम्ही अपघात झाला असेल असं समजून काढला. दुसऱ्या तासाला लोक गाड्यांतून उतरून रस्त्याच्या कडेला बसायला लागले. चौथ्या तासाला कोणीतरी गॅसची शेगडी काढून खिचडी टाकली, तेव्हा लक्षात आलं की हे प्रकरण वेगळं आहे. कटनीत पोलीस गाड्या अडवून परत जा म्हणून सांगत होते. एका हवालदाराने दादाला हात जोडून सांगितलं, "भैया, आगे दो दिन लगेंगे, माताजी-पिताजी को क्यों कष्ट देते हो?" दादाने मागे वळून आईकडे बघितलं. ती माळ ओढत खिडकीबाहेर बघत होती. दादाने गाडी गिअरमध्ये टाकली.

रविवार पूर्ण रस्त्यात गेला. रात्री टीव्हीवर ३०० किलोमीटरची कोंडी अशी बातमी होती म्हणे. घरून वहिनीचे फोन येत होते, तुम्ही त्यात आहात का? तीनशेच होतं की दोनशे, ते मोजायला आम्ही काही वर नव्हतो. आमच्यापुरतं सांगायचं तर मैहर ते रीवा या एरवी दीड-दोन तासांच्या वाटेला आम्हाला अकरा तास लागले. मैहरला शारदामातेला आईने गाडीतूनच हात जोडले. "हिला वाटत असेल, एवढ्या जवळून चालल्या आणि वर आल्या नाहीत," म्हणाली.

कोंडीत सगळ्यात मोठा प्रश्न भुकेचा नसतो. भूक भागत होती. रीवा जिल्ह्यातल्या गावांतले लोक हाताने थांबवून पुरी-भाजी देत होते, कोणी पोहे, कोणी नुसता गूळ आणि पाणी. खरा प्रश्न बायकांचा होता आणि त्याबद्दल परत आल्यावर कोणीच नीट बोलत नाही. आईने कटनीपासून पाणी पिणंच बंद केलं होतं. मी रागावले तर म्हणाली, "तुला काय होतंय बोलायला." पेट्रोल पंपांवरच्या संडासांची अवस्था सांगण्यासारखी नाही. शेवटी मनगवांच्या पुढे एका घरासमोर पंधरा-वीस बायका रांगेत उभ्या दिसल्या. त्या घरच्या सुनेने आपला संडास वाटसरू बायकांना उघडा करून दिला होता आणि स्वतः हापशावरून बादल्या भरून देत होती. डोक्यावरचा पदर घसरू न देता हापसा मारायची तिची जी हातोटी होती ती मला अजून दिसते. मी शंभराची नोट पुढे केली तर तिने हात मागे घेतले. म्हणाली, संगमावर आमच्या नावाची एक बुडी मारा. नाव विचारलं तर पदराआड हसली आणि "बहू बोल देना" म्हणाली.

सोहागीचा घाट, मग चाकघाट, मग उत्तर प्रदेश. सोमवारी पहाटे पाचला नैनीच्या बाजूला रीवा रस्त्यावरच्या एका शेतात गाडी लावली. शेतच होतं ते, गहू नसलेलं. आजूबाजूला हजारो गाड्या, आणि नंबरप्लेटा बघाव्यात तर एमएच, टीएस, केए. साडेसहाशे किलोमीटरला पन्नास तासांना एक कमी. बाबा खाली उतरले, कंबर सरळ केली आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर जवळच्या विजेच्या खांबापाशी जाऊन त्यावरचा नंबर आपल्या छोट्या डायरीत उतरवून घेतला.

या खांबांनी बाबांना मेळाभर वेड लावलं. नदीच्या रेतीत, चार हजार हेक्टरांवर, चार महिन्यांसाठी एक अख्खा जिल्हा उभा केला होता. सरकारी कागदावर खरोखरच जिल्हा, उत्तर प्रदेशातला शहात्तरावा. पंचवीस सेक्टर, नदीवर पिपे जोडून केलेले तीस पूल, रेतीवर लोखंडी चकर्ड प्लेटा अंथरून केलेले रस्ते. आणि पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जाणार. म्हणजे दर वेळी नव्याने खांब रोवायचे, तारा ओढायच्या, ट्रान्सफॉर्मर बसवायचे आणि मेळा संपला की उपटून न्यायचे. प्रत्येक खांबावर नंबर आणि एक क्यूआर कोड. मोबाइलने तो वाचला की आपण कुठे आहोत ते कळतं. "अरे, रेतीत अर्थिंग कसं केलं असेल यांनी?" असं बाबा दर दहा मिनिटांनी विचारत होते. आम्हा कोणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पार्किंगपासून आमच्या बाजूचा, संगमासमोरचा अरैल घाट सात-आठ किलोमीटर, आणि पुढे गाडी नाही, रिक्षा नाही. माणसांचा प्रवाह एका दिशेने चालला होता. डोक्यावर बोचकी, हरवू नये म्हणून एकमेकांच्या पदरांना बांधलेल्या गाठी, काठीच्या टोकाला लावलेली लाल चिंधी किंवा उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटली, म्हणजे मागच्यांना आपला म्होरक्या दिसावा. बाबा चालले असते. आईचे गुडघे चालणार नव्हते. तिथली पोरं मोटारसायकलवरून माणसं सोडत होती, माणशी तीनशे रुपये. आई आयुष्यात बाबांच्या स्कूटरखेरीज कोणाच्या मागे बसलेली नाही. तिला एका विशीतल्या पोरामागे बसवलं, पिशवी मांडीवर दिली, "घाटाच्या गेटपाशी थांब, आम्ही दुसऱ्या गाडीवरून येतोच" म्हणून सांगितलं, आणि ती गेली. दोन मिनिटांत दुसरी गाडी मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. ती मिळाली नाही. तिघंही चालत निघालो.

दीड तासाने घाटाच्या गेटपाशी पोचलो तर आई नाही.

गेटं बरीच असतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फोन लागत नव्हता, लाखो माणसं एकाच वेळी फोन लावत होती. कर्ण्यावरून हरवलेल्यांच्या घोषणा अखंड चालू होत्या. प्रयागच्या मेळ्यातलं भुले-भटके शिबिर १९४६ पासूनचं, आता त्याला संगणकावरच्या खोया-पाया केंद्रांचीही जोड आहे. पण कर्ण्यावरचा आवाज तोच, अमुक गावच्या अमक्यांनी जिथे असतील तिथून यावं. मध्येच एका बाईच्या हातात माइक दिला असावा. ठसठशीत वऱ्हाडीत आवाज आला, "अहो गजूचे बाबा, मी इथंच बसून हावो. कुठी जाऊ नका. चपला बी गेल्या." नवऱ्याचं नाव काही तिने घेतलं नाही. त्या गर्दीत किती गजूंच्या बाबांनी कान टवकारले असतील! एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तो मोटारसायकलवाला पोरगा होता. अम्माला एकटं सोडून जायचं मन होईना म्हणून तासभर धंदा बुडवून तिच्याजवळ उभा होता आणि नेटवर्क येईपर्यंत फोन लावत होता. जागा सांगता येईना, सगळीकडे सारखेच तंबू आणि सारख्याच पताका. बाबांनी दादाच्या हातातून फोन घेतला. "बेटा, पास में जो बिजली का खंभा है, उसका नंबर पढ़ो." मग आपल्या इथल्या खांबाचा नंबर बघितला, पुढच्या दोघांचे बघितले, नंबर चढताहेत की उतरताहेत ते ताडलं आणि चालायला लागले. अकरा मिनिटांत आई सापडली. एका बाकड्यावर बसून कुल्हडमधला चहा पीत होती. "किती वेळ लावला," म्हणाली. त्या पोराने ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

आमचे गुरुजी पलीकडच्या तीरावरच्या दारागंजचे. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे मराठी बोलतात पण क्रियापदं हिंदीच्या वळणाची. प्रयागवाल पंड्यांच्या वह्यांतून आमच्या पणजोबांची नोंद बघायची दादाची फार इच्छा होती. प्रत्येक प्रयागवालाची निशाणी ठरलेली, कोणाच्या झेंड्यावर हत्ती, कोणाच्या मासा, आणि त्या झेंड्याखाली गावागावांच्या वह्या. पण गुरुजींनी फोनवरच सांगून टाकलं होतं की इकडच्या तीराला यायचं मनातही आणू नका, मीच अरैलला येतो. ते पिप्यांच्या पुलांवरून स्कूटर ढकलत आले. वही राहिली, अक्षयवट राहिला, लेटे हनुमान राहिले. बाबांचा पिप्यांचा पूलही राहिला. लांबून दिसला, पोकळ लोखंडी पिप्यांची रांग आणि त्यावरून अखंड सरकणारी माणसं.

होड्यांचं एक वेगळं प्रकरण होतं. त्या दिवशी, १० फेब्रुवारीला, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू संगमावर स्नानाला आल्या होत्या. नावाडी म्हणाले, आता दुपारीच. दुपारी नावा सुटल्या तेव्हा भावही सुटले. घाटावर सरकारी दराचा फलक होता, त्याच्या खांबाला टेकून एक नावाडी पूर्ण नावेचे बारा हजार मागत होता. मी फलकाकडे बोट दाखवलं तर त्यानेही त्या फलकाकडे असं कुतूहलाने बघितलं, जणू आजच लागलाय. शेवटी लातूरकडचं एक कुटुंब जोडीला मिळालं आणि माणशी आठशेवर सौदा ठरला. मला ते पैसे अजून खटकतात. पण घासाघीस करताना मागे आई उभी होती, आणि तिच्या समोर वेणीदानाचा भाव करायची मला लाज वाटली, हेही खरं.

नारिंगी लाइफ जॅकेटं घालून बसलो. नाव यमुनेतून निघाली. यमुना हिरवट-काळसर, खोल, जवळपास स्थिर. पलीकडे अकबराचा किल्ला पाण्यात उतरल्यासारखा. आणि डोक्यावर कुरव पक्ष्यांची ढगासारखी झुंबड, हिवाळ्यात हजारोंनी येतात. नावाडी त्यांना सायबेरियन म्हणतात आणि दहा रुपयांना शेवेचं पाकीट विकतात. शेव फेकली की पाण्याला टेकायच्या आत चोचीत. तेलकट शेव खाऊन त्यांचं काय होत असेल असं मी मनात म्हणत होते, तोवर बाबांनी दोन पाकिटं संपवली होती.

संगम कळतो. मला वाटलं होतं की ही रेघ-बिघ बोलायच्या गोष्टी असतील. पण पुढे पाण्याचा रंग खरोखर बदलला, मळकट पांढुरका झाला, आणि नावेला एका बाजूने ढकललं जायला लागलं. गंगा उथळ आणि ओढीची. नदीच्या मध्यावर दोरांनी एकमेकींना बांधलेल्या नावा होत्या, मध्ये लाकडी फळ्या खाली सोडलेल्या, त्यावर उभं राहून लोक बुड्या मारत होते. गुरुजींनी आमची नाव त्या ओळीत अडकवली.

संकल्प झाला. जंबुद्वीपापासून सुरू होऊन प्रयागक्षेत्रापर्यंत आला. मग गुरुजी आईला म्हणाले, "आता यांना विचारा, वेणीचं दान करायची अनुमती द्या म्हणून." आईने विचारलं, अगदी हळू, लाजत. एकाहत्तराव्या वर्षी. बाबा घसा साफ करून म्हणाले, "मंजूर." लातूरचे लोक खदखदून हसले. आई नाही हसली.

"जॅकेट काढावं लागेल," गुरुजी म्हणाले. नावाडी नको म्हणाला. शेवटी जॅकेट तसंच ठेवून आई बाबांकडे पाठ करून, त्यांच्या पुढ्यात बसली. अंबाडा सोडला. आईचे केस आता फार राहिले नाहीत, निघताना तीच म्हणत होती, वेणीला केस तर पाहिजेत. पाठीवर जॅकेटच्या फुगीर नारिंगी कापडावर ते पांढरे केस पसरले. मी तिचे केस असे मोकळे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. गुरुजींनी फणी दिली. बाबांनी ती आधी उलटी धरली.

बाबांना वेणी येत नाही. माझीही त्यांनी कधी घातली नाही, शाळेच्या दिवसांत आई माहेरी गेली की मी दोन रबरं लावून जायची. गुरुजी म्हणाले, तीन पेड करा. बाबांनी तीन भाग केले, ते तिन्ही इतके काटेकोर सारखे की बघत राहावं. आणि मग हात थांबले. मला वाटलं आता मला हाक मारतील. मी पुढेही सरकले. पण त्यांनी एकदा तीनही पेड बोटांत पेलून बघितले आणि पीळ द्यायला सुरुवात केली. वेणी नव्हतीच ती. लाइनीवरच्या तारेचा सांधा करतात तसा प्रत्येक पेड आधी स्वतःभोवती पिळून, मग दुसऱ्यावर आवळून, अंगठ्याने दाबून, पुढचा. कपाळावर आठी, जीभ दातांत. खांबावर चढलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. असेच दिसत असतील. वारा होता, पक्षी ओरडत होते, शेजारच्या नावेतून कोणी हर हर गंगे म्हणत होतं, नाव हलत होती. बाबांचे हात नाही हलले. आईने एकदा "हळू" म्हटलं. "हलू नको," बाबा म्हणाले.

गुरुजींनी शेवटाला लाल धागा बांधला, शेवंतीचं फूल खोचलं, मी आईला हळद-कुंकू लावलं. बाबांनी कात्रीने टोक कापलं. दोन बोटं ठरलं होतं, त्यांनी जेमतेम एक कापलं. गुरुजींनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते टोक, हळद-कुंकवाची पुडी आणि एक नाणं असं पानात बांधून आईच्या ओंजळीत दिलं. प्रयागला केस तरंगत नाहीत, बुडतात, अशी श्रद्धा आहे. "नाणं बांधल्यावर बुडणारच," बाबा पुटपुटले. आईने मान वळवून असं बघितलं की लातूरच्या आजी पुन्हा हसायला लागल्या. आईने ओंजळ सोडली. बुडलं की वाहून गेलं ते मला दिसलं नाही, नेमका एक कुरव मध्ये आला. आईला दिसलं म्हणे.

मग स्नान. पाणी कमरेइतकं आणि इतकं थंड की पहिल्या बुडीला श्वास अडकतो. पाण्यात झेंडूची फुलं, नारळाच्या शेंड्या, कोणाचा तरी रुमाल. तोंडात पाणी जाऊ नये म्हणून मी ओठ घट्ट मिटले होते, आणि माझ्याशेजारी आईने ओंजळभर पाणी पिऊन टाकलं. तीन बुड्या ठरलेल्या. मी चौथी मारली, मनगवांच्या बहूची. वर आले तर दादाही चौथी मारून वर येत होता. आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं. नावाडी दुसऱ्या फेरीसाठी घाई करत होता. कपडे बदलायच्या खोल्यांपुढची रांग मात्र पाऊण तासाची.

परतीचं फारसं सांगण्यासारखं नाही. गेटवरचा पोलीस म्हणाला, पौर्णिमेसाठी उद्या पहाटेपासून मेळा क्षेत्रात गाड्या बंद, आज रात्रीच निघा. एका भंडाऱ्यात कढी-भात खाल्ला. या वेळी आईला मोटारसायकलवर बसवताना बाबा म्हणाले, मीही याच गाडीवर बसतो, आणि तिघं जण एका गाडीवर गेले. दादा आणि मी तासाभराने पोचलो तेव्हा बाबा डायरी हातात धरून खांबापाशी उभे होते. गाडी सापडली होती. मात्र तिच्या मागे-पुढे-बाजूला इतक्या गाड्या लागल्या होत्या की निघायला रात्रीचा एक वाजला. मागच्या गाडीवाल्याला चिवडा देऊन मैत्री केली, तो पुण्याचा निघाला. "चिवड्यात लसूण नाही का?" असं त्याने विचारलं.

मंगळवारी मध्यरात्री नागपूर. येताना कोंडी आमच्या बाजूला तुरळक होती, समोरच्या बाजूला अजून तशीच उभी. आई मागच्या सीटवर झोपलेली, वेणी खांद्यावरून पुढे आलेली.

ती तिने सोडली शुक्रवारी, न्हायच्या दिवशी. सोडली म्हणजे सोडवली गेली नाही. आवळल्यावर ओली झालेली आणि तशीच वाळलेली, बोट शिरेना. मी खोबरेल तेल घेऊन बसले, अर्धा तास गेला. आई कळवळत होती आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणत होती, "असा पीळ घालतात का कोणी? जन्मात सुटायचा नाही."

आतून आवाज आला, "लूज कनेक्शन आपल्याला चालत नाही."